तुझ्या पाठीवरचे अकरा वण

आये,

आज दुपारी बाबानं तुला कोयत्यानं फाडलं. तुला म्हणजे तुझ्या चित्राला. पालघरच्या एका हॉलमध्ये, पंधरा-वीस माणसांच्या देखत! त्याचे तीन तुकडे आता माझ्या बोईसरच्या खोलीत फरशीवर पडलेत. माझ्या डाव्या तळव्याला सहा टाके आहेत. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

तू गेलीस त्याला सात महिने झाले. आठ दिवसांचा ताप आणि संपलं. आपल्या मुरबे गावच्या घरी मागच्या पडवीत साडीचा आडोसा करून आम्ही चौघींनी तुला आंघोळ घातली. मी तुझी पोटची पोर, पण तुझी उघडी पाठ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. वल्ह्याचा वण. चुलीतल्या जळत्या लाकडाचा. बोंबील वाळवायच्या बांबूचे चार, एकाखाली एक. कमरेपाशी दात! माणसाचे दात, आये! मी मोजत गेले, अकरा भरले. सुलाकाकीनं माझा हात झटकला. "बगत नको रावू. हलद जाड लाव, कोनाला दिसाला नको." मग तिघींनी मिळून भिंत सारवावी तशी तुझी पाठ हळदीनं सारवली.

नंतर हिरवी साडी, हिरवा चुडा. आणि कुंकू लावायला बाबा! त्याच हातानं. "अहेव गेली, नशीब काडलं बायनं," म्हणत गावातल्या बाया तुझ्या पाया पडल्या. कुंकवाचा करंडा हिसकावून त्याच्या डोक्यात घालावा असं मला वाटत होतं. घातला नाही. हळदीची वाटी धरून उभी राहिले.

मी तशीच आहे गं, पहिल्यापासून. तुझा हात मोडला तेव्हा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसा मोडला? तू खाली मान घातलीस. मीच पटकन म्हणाले, धक्क्यावर पाय घसरला. बारा वर्षांची होते, पण किती सफाईनं खोटं बोलले! येताना तू मला बर्फाचा गोळा घेऊन दिलास. का दिलास? काळाखट्टा होता, तो मी चाटूनपुसून खाल्ला.

पुढे चित्रकला शिकले, शाळेत शिकवायला लागले, आणि एका मे महिन्यात तुला समोर बसवलं. तू म्हणालीस, "मला काड, पन डाग नको काडू." मी ऐकलं. डोक्यावर मासळीची पाटी, भरदार दंड, ताठ कणा. पहिलं बक्षीस मिळालं! कष्टकरी स्त्रीचं तेज म्हणून लोकांनी माझी पाठ थोपटली. तुझ्या पाठीचं कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला काही सांगितलं नाही.

तू गेल्यावर मात्र हात थांबेना. सुती चादरीवर गेरू आणि काजळीनं तुझी पाठ काढली, तुझ्याच मापाची. अकराच्या अकरा वण. पालघरला बायकांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, तिथे ती लावली. विषयच होता 'बाई आणि तिचं शरीर'. आयोजक बाई म्हणाल्या, "किती धाडसी!" मी फुगले. मग दोन पोरं मोबाईलवर फोटो काढताना दिसली. एकानं बोटांनी फोटो मोठा केला. कुठे थांबला असेल? वणांवर नाही. डाग नको काढू म्हणाली होतीस ना? तू जिवंत होतीस तोवर मी तुझं ऐकत होते. मेल्यावर तुझं अंग काय माझ्या मालकीचं झालं होतं?

चित्र उतरवायला मी स्टुलावर चढणार, इतक्यात बाबा आला, हातात कोयता. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार. शिजल्या कोळंबीसारखा लाल. "माजी बायको उगडी टांगलीस?"

"ते वण कोनी केले, सांग ना सगल्यांना!"

"बायको माजी हाय!"

अजूनही! राखसुद्धा खाडीत गेली, तरी त्याचीच! पहिला घाव मानेपासून कमरेपर्यंत गेला. दुसरा आडवा. मी पातं मुठीत धरलं, मग स्टूल उचललं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. एकदा. दोनदा. हाड वाजलेलं ऐकलं. तिसऱ्यांदा हाणताना मला बरं वाटत होतं, आये. फार बरं वाटत होतं. लोकांनी ओढलं म्हणून थांबले. हे कुणाचं आलं माझ्यात? तुझं तर नाही.

हॉलबाहेर बसणाऱ्या मासळीवालीनं माझ्या हाताला फडकं बांधलं. तिनं सकाळी आत येऊन चित्र पाहिलं होतं. गाठ मारता मारता म्हणाली, "पोरी, बाईचं सगलं काडलंस. मारनारा कुटं हाय?"

खरंच कुठे होता तो? तुझ्या पाठीवर ते वण जसे काही आपोआप उगवले होते! आंघोळ घालताना तुलाच झाकलं, प्रदर्शनात तुलाच उघडं केलं. त्याला मात्र कुणी उघडं पाडलं नाही, मीही नाही.

रागावली असशील तर रागाव, तुझा हक्क आहे. पण एवढं ऐक. हे तुकडे मी शिवणार नाही, उद्या मुरब्याच्या खाडीत सोडणार आहे. तुझी पाठ यापुढे कुणाला दिसणार नाही, हा माझा शब्द. नव्या चादरीवर मी बाबाचा उजवा हात काढीन, दारभर मोठा. जाळं ओढून पडलेले घट्टे, जाड अंगठा, नखातलं कुंकू, आणि खाली त्याचं पूर्ण नाव. शेजारी माझा हात काढीन, वाटी धरून उभा राहिलेला, स्टूल हाणताना सुखावलेला. माझंही नाव लिहीन. आणि ती चादर आपल्याच घराच्या दर्शनी भिंतीवर लावीन, सगळ्या गावासमोर. येऊ दे त्याला कोयता घेऊन! या वेळी त्याला स्वतःचाच हात तोडावा लागेल.

तुझीच,
हिरा