मूळव्याधीचे पेढे

नांदगाव खंडेश्वर
मंगळवार

आदरणीय उत्तमराव जवाईबुवा यांना देवरावचा आणि घरच्या सगळ्यांचा नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत, वांगी जोरात आहेत. तुमची आणि आमच्या पार्बताची तब्येत कशी आहे? तुम्ही माझ्या बहिणीचे यजमान, आमच्या घरचे जवाई, त्यामुळे तुमच्यापुढे अजूनही मला जपून बोलावं लागतं. म्हणून आज फक्त माझंच सांगतो.

माझ्या दुखण्याची हकिगत तुमच्यापर्यंत अर्धीच पोचली असेल. (बहिणीला भावाच्या संडासाबद्दल कोण सांगणार?) रक्त पडायचं. मी मूळव्याध समजून बसलो. आमच्या गावात मूळव्याधीवर औषध माहीत नाही असा माणूस नाही. सुरण खाल्ला, ताक प्यालो, कोणा महाराजाची पुडीही घेतली. पायजम्याची नाडी दर महिन्याला जास्त आवळावी लागायची, तरी मी म्हणायचो, उन्हाळा आहे. शेवटी माझ्या बायकोनं, बेबीनं, माझी बनियन धुताना ती दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि म्हणाली, "ह्याच्यात आता दोन देवराव मावतीन. उद्या अमरावती."

तिथल्या डॉक्टरीणबाई आपल्या लेकीच्या, साधनाच्या वयाच्या. बोटानं तपासायचं म्हणाल्या. मी पुरुष डॉक्टर मागितला. त्या म्हणाल्या, "काका, लाज वाटत असंल तर डोळे मिटा. मी नाही मिटू शकत." गाठ हाताला लागली. मग दुर्बिणीनं आतून पाहायचं ठरलं. त्यासाठी पोट साफ करायचं औषध आदल्या रात्री प्यायचं होतं. पण आमच्याकडे लाईट रात्रीच असते, वांग्यांना पाणी द्यायचं, ओलित करायचं होतं. म्हणून मी ते सकाळी एका दमात प्यालो आणि एसटीत बसलो.

जवाईबुवा, बडनेऱ्याच्या अलीकडे ती गाडी माझ्यासाठी तीनदा थांबली. तिसऱ्यांदा लोक चिडले, तेव्हा मी सांगितलं की कालची भजी बाधली. त्यावर बेबी भर गाडीत उभी राहून म्हणाली, "काहून खोटं बोलून राह्यले? भजी नाही जी, यायले संडासातून रक्त पडते, तपासाले नेऊन राह्यली." मला वाटलं, इथेच उतरून शेतात पुरून घ्यावं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक दांडगा गडी हळूच जवळ आला. शेषराव नाव त्याचं. कानात म्हणाला, "भाऊ, मलेबी पडते. कोन्त्या डाक्टरकडे चालले?"

तोही आला आमच्यासोबत. त्याची निघाली साधी मूळव्याध. त्या आनंदात त्यानं दवाखान्याच्या दारात पेढे वाटले. (मूळव्याधीचे पेढे खाल्लेला दुसरा माणूस वऱ्हाडात असेल तर कळवा.) माझा मात्र कॅन्सर निघाला. तो पेढा माझ्या तोंडातच राहिला. गिळताही येईना, थुंकताही येईना.

ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषधं झाली, संडासासाठी पोटावर काही महिने पिशवी आली. ही पिशवी कोणाचं ऐकत नाही. बडनेऱ्याच्या बाजारात एक गिऱ्हाईक कोथिंबिरीचा भाव पाडून मागत होतं, तेवढ्यात ती गुरगुरली. त्याला वाटलं मीच गुरगुरलो. मुकाट्यानं सांगितला भाव देऊन गेलं. पुढे पिशवी निघाली तेव्हा धंद्याच्या दृष्टीनं जरा वाईटच वाटलं.

एक गोष्ट मात्र हसून सांगता येत नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर श्रावण होता, डोंगरातल्या धारणीच्याही पलीकडचा, वयानं माझ्याहून लहान. त्याचं दुखणं माझ्याइतकंच जुनं. पण पावसात रस्ता बंद, मग जीप मिळेना, मग सोबत कोणी येईना. तो पोचला तेव्हा रोग लिव्हरात गेला होता. दिवाळीआधी तो गेला. जाण्याआधी मला म्हणाला, "तुमच्या गावाले एसटी येते, नाही का?" येते, जवाईबुवा. मी तिला आजवर शिव्याच दिल्या होत्या.

परवाच्या तपासणीत सगळं साफ निघालं. डॉक्टरीणबाई म्हणतात, येत राहा, पण आता जेवा. मी ज्वारीची भाकर आणि ठेचा मागितला. ठेच्याला त्या नाही म्हणाल्या. बेबीनं वांग्याचं भरीत दिलं आणि मी जेवत असताना ती उगाचच चूल पुसत राहिली.

कळावे, लोभ आहेच.
तुमचा
देवराव

ता. क. पार्बतानं बेबीला फोनवर काही सांगितलेलं नाही. दिवाळीपासून तुम्हाला रक्त पडतं आणि तुम्ही कसलीशी पुडी घेता, हे मला अजिबात माहीत नाही.

ता. क. दुसरा. शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाईंकडे एक नंबर लावून ठेवला आहे. नाव तुमचं आहे. साधी मूळव्याध निघाली तर पेढे माझ्याकडून. दुसरं काही निघालं, तर लवकर निघालं म्हणून पेढे माझ्याकडूनच.

ता. क. तिसरा. हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. मान वर करून पाहा. ज्या बेबीनं ते तुमच्या हातात दिलं, ती अजून समोरच बसली असेल, चहाला नाही म्हणत. तुमचे दोन कपडे पार्बतानं पिशवीत भरले आहेत. चपला घाला, जवाईबुवा.