गोळी वाजली होती

प्रिय धाकटे सूनबाई,

शाळेत मी गेले नाही, अक्षरं डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून शिकले. वेलांट्या चुकल्या तर पदरात घे. जे तोंडाने बोलायची लाज वाटते ते कागदावर तरी उतरतंय का बघते.

आपल्या घरात चिक्की कशी आली ते तुला सांगायचं राहिलंच. माझ्या सासूबाई म्हणायच्या, ती त्यांनीच शोधली. सासरे खाणीत कामाला, डब्यातलं दुपारपर्यंत आंबायचं, म्हणून त्यांनी गुळाच्या पाकात शेंगदाणे थापून दिले. पुढे कळलं, शेजारणीची सासूही अगदी हेच सांगायची! चिक्की कुणीही शोधलेली असो, पाकाची पारख मात्र सासूबाईंचीच. पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा, त्याची गोळी वाटीत टाकायची. टण्ण वाजली की लगेच पातेलं खाली.

त्या दिवशी चिक्की करताना तुझ्या नणंदांसमोर तू दोनदा म्हणालीस, "आई, वाजली." मी तुझ्यावरच खेकसले, कालची आलेली तू, मला शिकवू नकोस. पाक काळा पडला, चिक्की कडू झाली आणि खापर मी तुझ्या डोक्यावर फोडलं, म्हणे हिनेच आच मोठी ठेवली.  तू बॅग भरून माहेरी गेलीस.

परवा एकटीच करायला बसले. गोळीवर गोळी टाकतेय, एक वाजेल तर शपथ. गुळाला शिव्या घातल्या. शेवटी तुझा नवरा बाहेरच्या खोलीतून येऊन म्हणाला, अगं आई, किती वाजवतेस, घरभर ऐकू येतंय. मी वाटीकडे बघतच राहिले. कान गेलेत गं माझे. वर्षभर संशय होता, पण लपवत आले. सगळे हसले की हसायचं, मान डोलवायची. दोघी लेकींना बोलावून सांगितलं, चूक माझी होती, तिची नव्हती. सांगताना मान वर होईना.

आणि रविवारचा तुझा फोन. मला नुसती गुणगुण ऐकू आली. खुशाली विचारत असशील म्हणून मी आपली "हो हो, चालेल, चालेल" म्हणत राहिले. आज तुझ्या नवऱ्याने रडवेल्या तोंडाने सांगितलं, तू विचारत होतीस, "आई, मी परत आलेच नाही तर चालेल का?" नाही गं पोरी, अजिबात चालणार नाही. फोनवर उत्तर देऊ नकोस, मला ऐकू यायचं नाही. तूच ये.

तुझीच,
बहिरी सासू