वेणीच्या हातावरची रेघ

मेलकावेरी, कुंभकोणम
ता. ९ डिसेंबर १९५४

गं. भा. गोदाक्का यांस,
नरसिंहाचा वाकून नमस्कार. इथे सरोजा आणि मी ठीक आहोत. तिरुप्पनंदाळच्या गारठ्यात तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवावं.

तुम्ही हसाल, तरी आधी हे सांगतो. परसातला रहाट, माजघरातला झोपाळा, तुमच्या बहिणीची हार्मोनियम (भात्यासकट), समोरच्या स्वामीनाथांच्या दुकानातला तराजू आणि आता हे गोंदायचं यंत्र, सगळं मी स्वतःच्या हातांनी केलं. कोणी शिकवलं नाही. दारावरच्या विजेच्या घंटीतली तारेची गुंडाळी, टॉर्चचे सेल, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन शिवणसुया. सुई कातडीत किती जावी ते माझ्याच मांडीवर ठरवलं. उथळ गेली तर शाई खपलीबरोबर निघते; खोल गेली तर रेघ फुटते, ओल्या कागदावर टाक टेकवल्यासारखी. शाई मात्र जुनीच: हदग्याच्या पाल्याचा रस, हळद, दिव्याची काजळी. वरून खोबरेल. खपली पडेपर्यंत कावेरीत बुडी नाही, खाजवणं नाही.

यंत्र केलं ते सरोजासाठी. संक्रांतीनंतर, तै महिन्यात, ती नवऱ्याबरोबर मदुरैला बिऱ्हाड करायला जाते. "अप्पा, दागिने राहू देत. आईच्या हातावर होतं तेच कोलम मला गोंदून द्या," म्हणाली. लेक एवढंच मागते. मी म्हटलं, त्यात काय!

आणि तिथेच अडलो, अक्का.

कागदावर रांगोळीसारखे ठिपके मांडले, भोवती रेघ फिरवली, निघाली तिथेच आणून मिळवली. निर्दोष काम. सरोजानं पाहिलं आणि मान हलवली. वेढे उलटे फिरवले. पुन्हा नाही. "चुकलं कुठे ते बोट ठेवून दाखव," मी चिडून म्हटलं. "चुकलं नाही हो अप्पा. पण हे उंबऱ्यासमोरचं कोलम झालं. आईचा हात नव्हे."

आता याला काय म्हणावं? ज्या हातातून रोज कापीचा पेला घेतला, त्याच्यावरचं मला काढता येऊ नये? डोळे मिटले की हात दिसतो, बांगड्या दिसतात, पेल्यावरचा फेस दिसतो. कोलमच्या जागी माझंच कागदावरचं चित्र येऊन बसतं. खरं कुठलं, कळेनासं झालं.

म्हणून इन्नंबूरला गेलो. तुम्हाला आणि वेणीला लहानपणी गोंदणारी म्हातारी कुरत्ती अजून आहे. डोळे गेले, जीभ शाबूत. यंत्र कानाशी धरून म्हणाली, "माशी कोंडलीय का हो यात?" कागद दाखवून उपयोग नव्हता, म्हणून तिच्या तळहातावर बोटानं कोलम काढलं. शेवटी रेघ मिळवली तशी तिनं हात झटकला.

"त्या पोरीची रेघ मिळालीच नव्हती! रावांच्या घरची धाकटी ना? भोकाड पसरून पळाली. अर्धी रेघ सोडू नये, मी धरायला उठले, तर थोरली आडवी आली. आपलं मनगट पुढे केलं. म्हणे, तिचं उरलेलं माझ्यावर घाल. तसं मला पुन्हा कोणी म्हटलं नाही, म्हणून ध्यानात राहिलं."

तुमच्या मनगटावरचा तो एकटा वेढा मी कितीदा पाहिला असेन! कच्च्या हाताचं काम समजून नजर काढून घेत आलो. तुम्ही दोघी मला कधी बोलला नाहीत. मी विचारलं नाही म्हणून? असेल. नक्की सांगता येत नाही.

वेणीला घाटावर नेण्याआधी तुम्ही तिचे दागिने उतरवत होता. "गोंदलेलं तेवढं तिच्याबरोबर जाईल," म्हणालात. मग माझ्याकडे वळून, "तिच्या हातावर काय होतं, ठाऊक तरी आहे का तुम्हाला?" मी बांगड्यांचं वजन सांगितलं. तेव्हापासून तुमचं पत्र नाही. अक्का, इतके दिवस मी समजत होतो, वजन सांगण्यात माझी चूक झाली असावी.

तुमचा वेढा सुरू होतो तिथे तिची रेघ तुटली. ती जागा आता तुमच्या मनगटाखेरीज कुठेही नाही. चित्र काढून पाठवू नका, तुम्ही या. माझ्यासाठी नका येऊ हवं तर. अर्धं काम मी जन्मात कोणाला दिलेलं नाही. सरोजाच्या हातावर रेघ तुटलेली ठेवू की मिळवू, मला खरंच कळत नाही. ती म्हणते, "मावशीला ठरवू द्या." ती पळायची नाही, पण तिचा दुसरा हात तुम्ही धरून बसावं. तोवर यंत्र वेणीच्या पातळात गुंडाळून ठेवतो.

वाट पाहणारा,
नरसिंह

ता. क. मद्रासहून प्रदर्शनवाला आला होता. पोंगलच्या आत यंत्र हातात दिलं तर रोख देतो म्हणाला. नाही म्हटलं. साडेतीनशे रुपये.