पर्समधला गणपती

मंगळवार, संध्याकाळ. उम्म अल हस्सम.

आज माझ्या वडिलांचं, अण्णांचं ऑपरेशन. रजा मिळाली नाही, इथून आखातातून चिपळूणला जाता आलं नाही. वाटलं, निदान पाच मिनिटं हात जोडावेत. युनिव्हर्सिटीतली सर्वधर्म प्रार्थनेची खोली माझ्याच ताब्यात, पण इन्चार्जने तिथे स्वतःचा देव मांडायचा नाही. म्हणून नोकरी लागल्यापासून गणपती पर्समध्येच.

आज चेन उघडली, तेवढ्यात जोसेफ हा विद्यार्थी आला. आई आजारी आहे, सोबत प्रार्थना कराल का, म्हणाला. नाही कशी म्हणू? कपाटातला क्रूस काढून दिला, त्याच्या आईसाठी डोळे मिटले. मनात मात्र अण्णा. हे चालतं का? विचारू कुणाला? इथे असलं सगळे मलाच विचारतात.

मग मरियम ही विद्यार्थिनी नमाजाला आली. चटई घेताना माझ्याकडे बघत राहिली. "मॅम, घरी सगळे बरे आहेत ना?"

"हो" म्हणणार होते. तोंडातून निघालं, "इंशाल्ला."

तिने चटई अंथरताना सरकून शेजारी जागा ठेवली. मी बसले नाही. इन्चार्ज ना मी! दारात उभी राहिले, पर्स छातीशी धरून.

घरी येऊन तास झाला. चिपळूणहून फोन नाही. इथे कुणी बघत नाहीये, तरी पर्स मांडीवरच आहे, चेन लावलेली.