चिठ्ठी लावलेला कोट

रविवार, ९ नोव्हेंबर
दुपारी

प्रिय धाकू,

अनेक आशीर्वाद. मास्तरांना नमस्कार सांग. त्यांचा खोकला फोनवर मागून ऐकू येत होता, औषध घेतात की नुसतीच बाटली उशाशी ठेवतात? आम्ही दोघं बरे आहोत. माझे गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. तुझे भाऊजी निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरात सुधारणा करत सुटलेत. प्रत्येक बरणीवर नाव लिहून चिकटवलंय. साखरेच्या बरणीवर छान वळणदार अक्षरात 'साखर' लिहिलं आणि आत मीठ भरलं. शेजारचे दोघं येऊन चहा पिऊन गेले, काही बोलले नाहीत. सज्जन माणसं.

गुरुवारी तुझा फोन आला. नऊ वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि मला बसायला खुर्ची सापडेना. तू भरभरून बोललीस, मी नुसती हं हं करत होते. तुला वाटलं असेल, ताई रडतेय. रडत नव्हते. घाबरले होते. का, ते सांगायलाच हे पत्र लिहितेय, पण ते मला एकदम सांगता येणार नाही. आधी घरचं सांगते.

पुढच्या महिन्यात आम्ही याच इमारतीत तळमजल्यावर राहायला जातोय. दोनच खोल्या आहेत, पण जिने चढायला नकोत. वरचं सामान निम्मं करायचं ठरलं. पुस्तकं गेली, भांडी गेली, उरलं माझं कपाट. तुला आठवत असेल, तीन दारांचं, मधल्या दाराला आरसा. ते बंद करायला गुडघा लावावा लागायचा. हे नेहमी म्हणायचे, तुझ्या कपड्यांमागे एखादं माणूस उभं राहिलं तर वर्षभर पत्ता लागणार नाही. मी हसायचे.

सगळे कपडे पलंगावर काढले. रोजचे एका बाजूला ठेवले, ते थोडेच निघाले. आणि दुसऱ्या बाजूला एकदाही अंगाला न लागलेले. मोजले तर तेवीस. धाकू, तेवीस नवे कोरे कपडे. काहींची घडी उकलली तर घडीच्या रेषेवर कापड पिवळं पडलेलं.

हे कपडे कुठून आले ते तुला ठाऊक नाही. माझं दुसरं मूलही पोटातच गेलं, त्यानंतर मला लोकांच्या घरी जाणं जमेनासं झालं. आमंत्रण आलं की खरंच जावंसं वाटायचं. मी हौसेनं कपडा आणायचे, बोलावणाऱ्याला आधी सांगूनही टाकायचे की मी अमुक रंगाचं घालून येतेय. आणि त्या दिवशी केस विंचरून तयार झाले की पाय उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. तिथे कुणीतरी विचारणार, काय मग, तुमचं काय? मग डोकं दुखतंय म्हणून कळवायचं आणि कपडा परत कपाटात. यांना सगळं कळायचं. पत्ते काढायचे आणि म्हणायचे, चल, एक डाव टाकू.

आता लॉन्ड्रीतल्या सवयीचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. एकतीस वर्षं मी काउंटरमागे बसून एकच काम करतेय. आलेल्या प्रत्येक कपड्याला आतून कापडी चिठ्ठी लावायची, न पुसणाऱ्या शाईनं लिहायची आणि कॉलरखाली पिनेनं अडकवायची. कुणाचा, कधी द्यायचा. तो कपडा धुऊन, इस्त्री होऊन परत आला की चिठ्ठी काढूनच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. चिठ्ठीसकट कपडा बाहेर गेला तर मालक दिवसभर तोंड पाडून बसतात. घरच्या कपड्यांनाही मी अशाच चिठ्ठ्या लावत आले. कुणाकडे जायला, कोणत्या दिवशी. हातालाच सवय पडली.

पहिली पिशवी भरली तेव्हा यांचे काही शर्ट आणि माझे दोन कपडे त्यात टाकले, आणि चिठ्ठ्या काढायच्या विसरले. बाजारामागच्या सभागृहात जुने कपडे गोळा करतात, तिथे एक चष्मेवाली बाई बसते, तिला देऊन आले. एकतीस वर्षांत दुकानात कधी झाली नाही ती चूक घरच्या कपड्यांत झाली.

चार दिवसांनी आमची इस्त्रीवाली दुकानात मुलीच्या लग्नाचा अल्बम घेऊन आली. लग्नाला सहा वर्षं झाली. मी गेले नव्हते, आणि त्यावरून तिनं महिनाभर माझ्याशी अबोला धरला होता. ती पानं उलटत म्हणाली, "ताई, हिरवा रंग तुम्हाला काय खुलून दिसतो हो. आमच्या विहीणबाई अजून विचारतात, त्या हिरव्या ड्रेसवाल्या बाई कोण होत्या."

मी म्हटलं, "मी कुठे आले होते?"

"घ्या. पहिल्या रांगेत बसला होता की. हे काय."

फोटो घोळक्याचा होता. डावीकडे टोकाला हिरवा ड्रेस. माझाच, त्या पिशवीतून दिलेला, खांद्यावर तीन बटणं होती त्याला. बाईनं नेमकी मान वळवली होती म्हणून चेहरा पुसट आलाय. पण केसांचा भांग उजवीकडे, माझ्यासारखा. त्या दिवशी दोन चिठ्ठ्या उलट्या लावल्या आणि मालकांची बोलणी खाल्ली.

दुसऱ्याच दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरची नर्स भेटली. म्हणाली, आम्ही इथे राहायला आलो तेव्हाच्या जेवणाला तुम्ही जांभळा झगा घालून आलात आणि बाह्या वर करून सगळी भांडी घासलीत, मी कधी विसरणार नाही. जांभळा झगा त्याच पिशवीत होता. त्याची चिठ्ठी होती, 'वरच्यांकडे जेवायला.' नर्स इतक्या प्रेमानं बोलत होती की मला नाही म्हणवेना. मी म्हटलं, त्यात काय एवढं.

मग मी घरी येऊन उरलेल्यांतल्या वीस कपड्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. एकेक पीन उचकटून. ते कपडे देऊन आले आणि काहीही झालं नाही. कुणी आलं नाही, कुणाला काही आठवलं नाही. तेव्हा माझी खात्री पटली, हे चिठ्ठीचंच काम. मी वेडी झालेली नाही, धाकू. मी नीट पडताळून पाहिलं.

वीस आणि दोन बावीस. तेविसावा राखाडी कोट.

तो मी तुझी बिट्टी आजारी पडली तेव्हा आणला होता. तू म्हणाली होतीस, ताई, इकडे थंडी फार आहे, जाडसर काहीतरी घेऊन ये आणि चार दिवस राहा. त्याच्या चिठ्ठीवर तारीख नव्हती. फक्त 'धाकूकडे जायला' एवढंच. मी आज येते, उद्या येते करत राहिले, आणि सात वर्षांची पोर गेली. मास्तरांनी सकाळी फोन केला, म्हणाले, ताई आल्याशिवाय तिला न्यायचं नाही असं धाकू म्हणतेय, आम्ही थांबतो. मी कोट हातावर घेतला आणि बसथांब्यापर्यंत गेले. बस आली, माणसं चढली. मी चढले नाही.

तुम्ही दोन तास थांबलात. नंतर मास्तरांनी मला सांगितलं, तू अंगणातल्या फाटकाकडे तोंड करून बसली होतीस आणि कुणालाही फाटक लावू देत नव्हतीस.

मी सगळ्यांना सांगितलं की मला ताप होता. ताप नव्हता. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की आता आपण दोघी सारख्या झालो. ती आली आणि गेली, पण आली होती. तेवढ्यात मला आत कुठेतरी हलकं वाटलं. मी त्या पोरीवर जीव टाकत होते, हे तुला माहीत आहे, आणि तरी मला हलकं वाटलं. ते तोंड घेऊन तुझ्यासमोर कशी उभी राहणार होते? बसथांब्यावरून परत आले आणि यांच्याजवळ बोलले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, मनात येतं ते काही आपण बोलावलेलं नसतं. जगात ही गोष्ट फक्त त्यांना माहीत होती.

आता खरं सांगते. कोटाची चिठ्ठी मी विसरले नाही. चष्मेवाल्या बाईच्या टेबलासमोर मी कॉलर उलटून ती वाचली. पिनेला हात लावला. आणि राहू दिली. काय होणार ते मला ठाऊक होतं. सोमवारी कोट दिला आणि गुरुवारी तुझा फोन आला.

तू म्हणालीस, "ताई, नऊ वर्षं आपण का बोललो नाही गं? मला कारणच सापडत नाहीये. तू त्या दिवशी फाटकातून आत आलीस आणि मला धरून बसलीस, म्हणून मी जगले." तू म्हणालीस, माझे हात गार होते आणि कोटाला नव्या कापडाचा वास येत होता. पुढच्या महिन्यात ये म्हणालीस, त्या वेळी आली होतीस तशी. मी हो म्हटलं. अर्धा तास मी इतकी सुखात होते की काय सांगू. भाताला फोडणी दिली, गुणगुणत होते म्हणे.

जेवताना यांना म्हटलं, "बिट्टी गेली त्या दिवशी मी तुम्हाला काय बोलले, आठवतं?"

हे म्हणाले, "तू कुठे होतीस? तू धाकूकडे. मी एकटाच होतो, पत्ते घेऊन पेशन्स लावत बसलो होतो. तीन दिवसांनी आलीस." आणि ताक वाढून घेतलं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा तोच, प्रेमळ. पण ज्यानं माझं ऐकून पाठीवर हात ठेवला होता तो माणूस आता नाही. इस्त्रीवालीकडच्या लग्नाच्या दिवसाचं विचारलं, नर्सच्या जेवणाचं विचारलं. दोन्ही वेळी हे घरी एकटे. आम्ही खेळलेले डाव गेले. जिथे जिथे मी जाऊन आले, त्या त्या दिवसाची इथली मी पुसली गेले.

शुक्रवारी कामावरून निघाले ती थेट सभागृहात. म्हटलं, माझा राखाडी कोट परत द्या. चष्मेवाली बाई म्हणाली, "तो सोमवारीच गेला की. तुम्ही जिना उतरलात आणि एक बाई आली. तुमच्याच अंगाची. इथेच चढवला. मी म्हटलं, आत चिठ्ठी आहे, काढून देते. तर म्हणाली, राहू द्या, लागेल. बसथांबा कुठे ते विचारलं आणि घाईनं गेली. लोक खोळंबलेत म्हणाली."

मी विचारलं, चेहरा कसा होता? तिनं चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आता तुम्ही विचारताय म्हणून सांगते, मला वाटलं तुम्हीच परत आलात.

धाकू, ती कोण आहे ते मला कळत नाही. ती माझ्याहून भली आहे एवढं खरं. मी न केलेलं सगळं तिनं केलं. इस्त्रीवालीच्या मुलीला आशीर्वाद दिले, नर्सची भांडी घासली, तुला धरून बसली. मी तिचा राग करू शकत नाही. पण मला तिची भीती वाटते. कारण काल दुपारपासून मलाही आठवायला लागलंय. तुझ्या अंगणातल्या फरशीचा गारवा, दारातल्या चपलांचा ढीग, बिट्टीच्या वहीच्या कव्हरवरचं बदक. ते बदक मी कधीच पाहिलेलं नाही. ही वही तुमच्याकडे आहे का, हे मला सांगू नकोस.

मघाशी वरच्या परिच्छेदात एक ओळ खोडलेली तुला दिसेल. तिथे मी सरळ लिहून गेले होते की मी तुझा हात हातात घेतला. वाचून पाहिलं तेव्हा ध्यानात आलं. म्हणून घाईनं लिहितेय, अक्षर बिघडलंय, माफ कर. अजून मला बसथांबा आठवतो. निघून गेलेली बस, हातावरचा कोट, खांबाचा सोललेला रंग. हे आहे तोवर कागदावर उतरवून ठेवते, उद्याचं मला सांगता येत नाही.

मी आले नव्हते. तू फाटक उघडं ठेवून दोन तास वाट पाहिलीस आणि मी आले नाही. नऊ वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस ते बरोबर होतं. तुझा राग तुझा होता आणि तो मी तुला न विचारता काढून घेतला. मला माफी हवी होती, पण ती मी मागितली नाही. चोरली.

हे पत्र वाचून तू चिडलीस, फोन करून मला वाटेल ते बोललीस, पुन्हा कायमची अबोल झालीस, तरी चालेल. तेव्हा मी खरंच येईन, आणि तू म्हणशील तितका वेळ फाटकाबाहेर उभी राहीन. मला भीती दुसरीच आहे. तू हसून म्हणशील, ताई, काहीतरीच काय लिहितेस, तू तर होतीस. तसं म्हणालीस तर मग मी माफी मागू कुणाची? जिची मागायची ती तूही उरणार नाहीस, आणि थोड्या दिवसांनी मागणारी मीही.

म्हणून, धाकू, एकदा तरी आठवून बघ. फाटक उघडं होतं आणि रस्त्यावर कुणी नव्हतं.

त्या दिवशी न आलेली,
तुझी ताई