कुड गेला, चूल राहिली

३ मार्च १९६२, अमरावती

कुड पाडला! एकदाचा. भावाभावांच्या भांडणाच्या वर्षी घराचे दोन भाग करून मधे घातलेला — तुराट्या आणि वर शेणामातीचं लिंपण. इकडे आम्ही, तिकडे दीर जानराव आणि जाऊ पंचफुला. दिवाळीनंतर ती दोघं अकोल्याला गेली, तेलाच्या गिरणीत काम लागलं म्हणून. परवा जानरावभाऊजी येऊन आपणहून म्हणाले, "पाडा वयनी कुड. आमाले काय कराची आता ती जागा?" एवढे उदार कधी झाले कोण जाणे! मी विचारलं नाही. पोरगी जयवंता पहिल्या बाळंतपणाला येणार आहे. तिची बाज कुठं टाकू, हाच घोर.

धूळ नाकातोंडात गेली. पण घर केवढं दिसलं!

४ मार्च

जागा गेली कुठं?

पंचफुलाची चूल कुडाला टेकून होती. आता ती घराच्या मधोमध! बाज आडवी लावली, उभी लावली. मावते ती चुलीला चिकटूनच.

यांना म्हटलं, फोडा. तर म्हणतात, "मी नाई हात लावत. जिनं मांडली तिनंच मोडावं. दुसऱ्यानं फोडली तं तिचा संसार फुटते."

"मंग पोरीले चुलीवर निजवू का?"

हे निघून गेले बाहेर. नेहमीचंच.

७ मार्च

जयवंता आली. पोट पार खाली उतरलं. दाई भागीरथानं हात लावून पाहिला — "होळीपर्यंत नाई थांबत पोरगी." मग चुलीकडे बोट केलं. "आन् थंड्या चुलीपाशी बाळंतीन नको हं."

झालं! कुड होता तेव्हा निदान आडोसा होता. आता तोही नाही, अन् जागाही नाही. काहून पाडला मी?

८ मार्च

शेजारचा भगवंत अकोल्याला निघाला. निरोप दिला — पंचफुलाला म्हणावं, ये अन् आपली चूल उचल.

१० मार्च

भगवंत परतला. "चुलीले हात लावू नका म्हने. येतो म्हने मी."

"कधी?"

"ते नाई सांगतलं. रडून राहिली होती पंचफुलाकाकू."

रडते कशाला? जागा सोडायची नाही, दुसरं काय! चूल फोडायला लोखंडी सब्बल उचलली. चुलीच्या तोंडाशी तिच्या बोटांचे ठसे दिसले, लिंपताना उमटलेले. ठेवली खाली सब्बल.

जयवंताची बाज दारात. येणारा-जाणारा पाहतो. पोरगी नुसती कंबर धरून बसते.

१२ मार्च

पंचफुला आली. एकटी. पेटी घेऊन.

जानरावनं अकोल्यात दुसरी आणली घरात. म्हणून "पाडा कुड"! हिला माघारी यायला जागाच राहू नये.

मी काही बोलणार, तर जयवंताला कळा सुरू झाल्या. पंचफुलानं पेटी भिंतीला लावली, पाडलेल्या कुडाच्या तुराट्या कडाकडा मोडल्या, चूल पेटवली.

"जाऊबाई, पाहून काय राहिल्या? पानी आना!"

आणलं. बाज चुलीजवळ ओढली.