बाबांचा रेनकोट

शिन-रू,

मी मासळी बाजाराला निघाले आहे. रताळ्याची पेज झाकून ठेवली आहे, ती खाऊनच शूटिंगला जा. पाऊस थांबायची वाट बघू नकोस, आपल्या कीलुंगात तो कधी थांबलाय?

हो, शूटिंग करायचंच. तू रागाने भिंतीवरून काढून टाकलेली सीनची चित्रं मी पुन्हा चिकटवली आहेत. क्रम चुकला असेल तर नीट लाव.

काल मी जिन्यावरून धावत खाली आले, त्यात तुझी काही चूक नाही. बाबांचा रेनकोट मीच काढून दिला होता. पण तो घालून तुझा नट पो-हान खाली गल्लीत पाठमोरा चालायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, थांबा!" तो बिचारा वळून म्हणाला, "मावशी, मी आहे, मी!" आणि रडायलाच लागला. त्याला सांग, मावशी रागावलेली नाही. त्याने तसंच चालावं.

फक्त शेवट मला पटला नाही. समुद्रात बुडालेला माणूस घरी येऊन दार वाजवतो आणि त्याची मुलगी घाबरून कडी घालते, असं तू काढलं आहेस. पण बाबांची बोट परतली नाही तेव्हापासून आपल्या दाराला रात्री कडी नसते. तू घालतेस, तू झोपलीस की मी काढते.

तुझ्या फिल्ममधल्या मुलीलाही कडी काढू दे. कॅमेरा आत ठेव, दाराकडे तोंड करून. रात्री मी तिथेच बसते.

आई